रोझो केनवरील खवले कीड: ओळखावी कशी, पसरू कशी देऊ नये

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या दक्षिण टोकाला, प्लॅकमिन्स पॅरिश या जिल्ह्यातील व्हेनिस या गावापाशी रस्ता संपतो आणि पुढे मिसिसिपी नदीच्या मुखापर्यंतचा सगळा प्रवास होडीनेच करावा लागतो. या वाटेवर दोन्ही काठांना दोन पुरुष उंचीचे, बांबूसारख्या पेरांचे गवत दाट माजलेले असते. स्थानिक लोक त्याला ‘रोझो केन’ म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव फ्रॅग्माइटीस ऑस्ट्रॅलिस असे आहे. आपल्याकडे पूर्वी ज्या बोरूने अक्षरे गिरवली जात, त्याच जातकुळीतली ही वनस्पती आहे. २०१६ च्या शरद ऋतूत या मुखप्रदेशातील केनची बेटे विरळ होऊन मरू लागल्याचे लक्षात आले. २०१७ च्या वसंतात त्या खोडांवर सापडलेल्या किडीची ओळख पटली. ती निप्पोनॅक्लेर्डा बिवाकोएन्सिस नावाची खवले कीड असून तिचा मूळ प्रदेश जपान आणि चीन हा आहे. तिच्या नावातले ‘बिवा’ हे जपानमधील बिवा सरोवराचे आहे. उत्तर अमेरिकेत ती प्रथम सापडली ती इथेच, आणि पुढे शेजारच्या मिसिसिपी व टेक्सास या राज्यांतही आढळली.

ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स किंवा बॅटन रूज येथून मासेमारीसाठी, पक्षी पाहण्यासाठी किंवा नुसत्या सहलीसाठी या पाणथळीत जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. ही कीड फवारणीने आटोक्यात आणता येत नाही. हजारो एकरांच्या, भरती-ओहोटीच्या पाण्यात उभ्या असलेल्या गवतावर कीटकनाशक मारले तर ते कोळंबी, खेकडे आणि माशांच्या पिल्लांपर्यंत पोहोचेल. त्यामुळे तिला नव्या जागी न पोहोचवणे हाच सामान्य माणसाच्या हातातला खरा उपाय आहे, आणि तो करण्यासाठी ती ओळखता आली पाहिजे.

शोधण्याची रीत उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही लगेच समजेल, कारण ती पाचट काढण्यासारखीच आहे. नुसती पाने पाहून खात्री होत नाही, कारण कीड लपलेली असते ती पर्णकोशाखाली, म्हणजे पानाचा जो भाग खोडाला म्यानासारखा वेढून असतो त्याच्या आत. होडी काठाला लावून, हात पोहोचेल असे एक खोड धरावे आणि खालच्या पेरांकडून सुरुवात करून पर्णकोश नखाने किंवा बोथट सुरीने हळूच उकलावा. निरोगी खोड आतून गुळगुळीत आणि फिकट हिरवे निघते. कीड असेल तर पेराच्या सांध्याजवळ, खोडाला घट्ट चिकटलेले, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचे चपटे तपकिरी खवले ओळीने बसलेले दिसतात. त्या पूर्ण वाढलेल्या माद्या होत. त्यांना पाय नसतात, त्या जागच्या हलत नाहीत, आणि सोंड खोडात खुपसून आयुष्यभर रस शोषत राहतात. त्यांच्या आसपास पांढुरकी मेणचट भुकटी असते. लहान वयाचे कीटक गुलाबीसर किंवा हिरवट असल्याने घाईत नजरेतून निसटतात, म्हणून हाताशी साधे भिंग असावे.

एकाच खोडावरून निष्कर्ष काढू नये. एका जागी निदान आठ-दहा खोडे, तीही थोड्या थोड्या अंतरावरची, उकलून पाहावीत, आणि प्रत्येक खोडावर अंदाजे किती खवले आहेत याची नोंद ठेवावी. खवल्यांवर स्वच्छ कडांचे बारीक गोल छिद्र दिसले तर तेही अवश्य टिपावे, कारण त्या खवल्याच्या आत वाढलेली परोपजीवी गांधीलमाशी तिथून बाहेर पडलेली असते. या किडीवर जगणाऱ्या अशा इवल्या गांधीलमाश्यांच्या तीन जाती लुइझियानात सापडल्या आहेत. महाराष्ट्रात २००२ साली उसावर लोकरी मावा पसरला तेव्हा मित्रकीटकांनी केलेले काम ज्यांना आठवते, त्यांना या छिद्राचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र केवळ या गांधीलमाश्यांच्या भरवशावर केन वाचेल असे मला वाटत नाही.

बाहेरून दिसणारी खूण म्हणजे काळी बुरशी. कीड रस शोषताना साखरेसारखा चिकट द्रव सोडते, तो खालच्या पानांवर साचतो आणि त्यावर काजळीसारखा काळा थर चढतो. हा चिकटा खायला मुंग्याही जमतात. परंतु काळी बुरशी रस शोषणाऱ्या इतर किडींमुळेही येते, त्यामुळे पर्णकोश उकलल्याशिवाय खात्री धरू नये. हिवाळ्यात केन निसर्गतःच तपकिरी पडते हेही ध्यानात ठेवावे. थंडीत वाळलेले बेट पाहून ते मेले असे समजण्याची चूक सहज होते, म्हणून पाहणी वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंतच्या वाढीच्या काळात करावी. खरोखर खंगलेल्या बेटात खोडे बुटकी आणि विरळ होतात, नवे कोंब फुटत नाहीत आणि मधे मधे मोकळे पाणी दिसू लागते.

न्यू जर्सीतील वाचकांसाठी इथे एक खुलासा करायला हवा. तिकडच्या दलदलीत माजलेली फ्रॅग्माइटीस ही बहुतांशी युरोपीय वंशाची असून ती तिथे उपद्रवी तण मानली जाते, आणि तिच्या पर्णकोशाखाली आढळणारा बिनपायाचा पिठ्या ढेकूण ही वेगळीच कीड आहे. मिसिसिपीच्या मुखाशी मात्र ‘डेल्टा’ म्हणून ओळखला जाणारा वंश प्रामुख्याने आहे, आणि युरोपीय वंशाच्या मानाने तो या किडीला अधिक बळी पडतो. तण मारायला उपयोगी पडेल म्हणून लुइझियानातील किडकी खोडे दुसरीकडे नेण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर तो तिथेच सोडून द्यावा.

किडीचा प्रवास होतो तो पिल्लांच्या अवस्थेत. मिलिमीटरपेक्षाही लहान असलेली ही पिल्ले जन्मल्यावर काही काळ चालू-फिरू शकतात, आणि याच काळात वारा, पाणी, पक्षी आणि आपल्या होड्या त्यांना पुढे नेतात. वारा आणि पक्षी आपल्या हातात नाहीत, होडी आहे. म्हणून शक्यतो केनच्या दाटीत होडी घुसवू नये, आणि घुसवावी लागलीच तर धक्क्यावर परत आल्यावर घाई न करता सफाई करावी. पंख्यात, नांगराच्या दोरीत, ट्रेलरच्या आडव्या पट्ट्यांत आणि होडीच्या तळाशी अडकलेला केनचा प्रत्येक तुकडा काढून तिथल्याच कचराकुंडीत टाकावा. तळाचे पाणी तिथेच काढून टाकावे, होडी साबणाच्या पाण्याने धुवावी आणि दुसऱ्या पाण्यात उतरवण्यापूर्वी पूर्ण वाळू द्यावी. बूट, टोपी, जाळी आणि बरोबर कुत्रा असेल तर त्याचे केसही झटकून पाहावेत. घरी गेल्यावर करू असे म्हणून ही सफाई पुढे ढकलू नये, कारण घरापर्यंतच्या वाटेवरही पाणथळी लागतात.

बदकांच्या शिकारीच्या हंगामात लपण्यासाठी जे आडोसे उभारतात, ते झाकायला केन कापून लांबवर नेण्याची जुनी पद्धत आहे. फैलावाच्या दृष्टीने यापरते घातक काही नाही. केन वापरायचीच असेल तर आडोसा जिथे आहे तिथलीच कापावी आणि तिथेच सोडावी. घराच्या सजावटीसाठी तिचे डौलदार तुरे आणण्याचा मोहही आवरावा. बेटे स्वतः पेटवण्याच्या भरीस पडू नये. नियंत्रित जाळणीचे प्रयोग संबंधित सरकारी खात्याची माणसेच करतात, आणि जळालेल्या जागी फुटलेल्या नव्या कोंबांवर कीड पुन्हा चढते.

एवढ्या गवताची एवढी काळजी कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. लुइझियानाच्या किनाऱ्याने १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली आहे. मुखप्रदेशाची जमीन खचत असताना आणि पाणी चढत असताना गाळ धरून ठेवण्याचे, वादळाच्या लाटा थोपवण्याचे आणि जहाजांच्या वाटा गाळाने भरू न देण्याचे काम ही केन करते. ती मेली की मुळांनी बांधलेला गाळ सुटतो. रिकाम्या झालेल्या जागी अनेकदा जंगली अळू शिरते. आपल्याला ते परसातले ओळखीचे पान वाटते, पण तिथे तेही परकेच आहे आणि केनसारखी जमीन त्याला धरून ठेवता येत नाही. म्हणून अळूचे कंद पाणथळीच्या कडेला टाकू किंवा लावू नयेत, आणि लागवडीच्या मोहिमेत सहभागी व्हायचे असल्यास मोहीम चालवणाऱ्यांनी दिलेलीच रोपे लावावीत.

जिथे कीड पूर्वी नोंदलेली नाही अशा ठिकाणी ती दिसली, तर नमुना बरोबर आणू नये. उकललेल्या खोडाशेजारी एखादे नाणे धरून दोन-तीन जवळची छायाचित्रे आणि संपूर्ण बेटाचे एक छायाचित्र घ्यावे, फोनमधून जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि ही माहिती लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कृषी केंद्राला किंवा राज्याच्या वन्यजीव व मत्स्य विभागाला कळवावी. टेक्सास किंवा मिसिसिपीत असाल तर तिथल्या कृषी विस्तार कार्यालयाला कळवावे. शक्य असल्यास पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी जाऊन, तितकीच खोडे पुन्हा उकलून पाहावीत आणि दोन्ही वर्षांच्या नोंदी एकत्र पाठवाव्यात.