सीन नदीच्या क्रूझची तारीख ठरवण्याआधी

पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणारी सीनवरची क्रूझ घेताय? मग जहाजाच्या खोलीआधी महिना ठरवा. वाटेतल्या व्हर्नों गावाच्या धक्क्यापासून जेमतेम ५ किलोमीटरवर जिव्हर्नी हे खेडं आहे. चित्रकार क्लोद मोने तिथे १८८३ पासून १९२६ मध्ये मरेपर्यंत राहिला. त्याची बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबरच उघडी असते, म्हणजे नाताळच्या स्वस्त सफरीत ती मिळणार नाही. बागेतल्या तळ्यात कमळं बघायची तर जुलै-ऑगस्ट. तळ्यावरच्या जपानी धाटणीच्या पुलावर लोंबणारे विस्टेरिया वेलीचे जांभळे घोस हवे असतील तर मे. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मी तरी मे निवडेन, उन्हाळ्यात त्या चिमुकल्या पुलावर फोटोवाल्यांची फार दाटी होते.

आत शिरल्यावर बहुतेक जण घरासमोरच्या फुलांत रमतात. तुम्ही आधी रस्त्याखालच्या भुयारी वाटेने तळं गाठा, घर नंतर. पिवळीधमक जेवणाची खोली आणि भिंतीभर जपानी छापचित्रं कुठे पळून जात नाहीत.

पुढे नॉर्मंडीतल्या रुआँ गावाला जहाज रात्री मुक्कामाला असेल तर उत्तम. मोनेने १८९२-९४ मध्ये तिथल्या कॅथेड्रलची तिसाहून जास्त चित्रं काढली, वेगवेगळ्या उजेडातली. म्हणून एकदा सकाळी जा, एकदा ऊन उतरताना. दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, त्यामुळे दगडी जाळीकाम संध्याकाळीच उजळतं. बूट मात्र जाड तळव्याचे घाला, जुन्या गल्ल्यांतली फरसबंदी पाय दुखवते. आणि मंगळवार टाळा, त्या दिवशी गावातलं कलासंग्रहालय बंद असतं.