स्पोर्टी गाडी भाड्याने घेऊन गोव्याला निघताय? या चुका टाळा

भाड्याच्या गाडीचं माझं डिपॉझिट पहिल्यांदा कापलं गेलं ते कोकणात, तवसाळच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर. गाडीचा वेग तेव्हा ताशी पाच किलोमीटर असेल नसेल. ओहोटी होती, फेरीबोटीची फळी धक्क्याच्या उतारावर टेकलेली, आणि ती संपून काँक्रीट सुरू होतं तिथे नेमका खळगा. पुढचा बंपर खाली घासला. आवाज इतका वाईट की मागे रिक्षात बसलेल्या आजींनी ‘अगो बाय’ म्हटलेलं बंद काचेतूनही कळलं. पुण्याहून निघताना घरच्यांनी एकच बजावलं होतं, ‘जोरात पळवू नकोस.’ जोरात पळवलीच नव्हती.

तेव्हापासून तीन-चार वेळा अशा गाड्या घेऊन कोकण-गोवा केलं आणि एक गोष्ट पटली. स्पोर्टी गाडीच्या भाड्यात पैसे जातात ते बहुतेक वेळा गाडी हळू असताना किंवा उभी असताना. कागदावर सही करताना, पार्किंगमधून काढताना, घाटात रांगेत अडकल्यावर.

पांढरी पाटी, स्वस्त भाडं

ओळखीतला कुणी म्हणतो, ‘कंपनीकडून कशाला घेतोस, माझ्या मित्राची आहे, निम्म्यात देतो.’ नको. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. (पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी.) पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि त्याचा खरा फटका दंडाचा नाही. अपघात झाला तर विमा कंपनी ‘खासगी गाडी धंद्याला वापरली’ म्हणून हात वर करू शकते. मग मित्राचा मित्र आणि तुम्ही, दोघं समोरासमोर.

काळ्या पाटीलाही एक प्रश्न विचारायचा: परमिट कुठल्या राज्यांचं? पुणे-गोवा म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा, असं आपण धरून चालतो. पण कागल ओलांडलं की कर्नाटक लागतं. निपाणी किंवा संकेश्वरवरून आजऱ्याकडे वळणारा प्रत्येक जण थोडा वेळ कर्नाटकात असतो. गाडी देणाऱ्याला हे माहीत असतंच असं नाही.

आणि दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव आणि लायसन्स करारात आधीच घाला. कराडनंतर डोळे जड झाले म्हणून मेहुण्याच्या हातात स्टिअरिंग दिलं, आणि तेवढ्यात कुणी मागून ठोकलं, तर करारापुरता तो मेहुणा अनोळखी माणूस असतो.

फोटो बघून केलेली निवड

अ‍ॅपवरचा फोटो कायम रिकाम्या गाडीचा असतो. कंपनी सांगते तो ग्राउंड क्लिअरन्सही (जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर) बहुधा रिकाम्या गाडीचाच. फोक्सवॅगन व्हर्टसचा आकडा 179 मिलिमीटर आहे, सेडानसाठी चांगला. पण चार मोठी माणसं, डिकीत बॅगा आणि परतीला काजूची पोती भरली की मागचा भाग बसतो. मिनी कूपरसारख्या गाड्यांत तर मुळातच जागा कमी. दोघांनी जायचं तर मजा, आईबाबा बरोबर असतील तर मागच्या सीटवर बसवलेल्या माणसाचे गुडघे तुम्हाला मालवणपर्यंत ऐकवतील.

ताकदीचंही तसंच. चौपदरी महामार्गावर कारला वेगमर्यादा ताशी 100. दीडशे पीएसची (म्हणजे साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरची) गाडी तिथे झोपा काढते. ती ताकद कामी येते गडहिंग्लज-आजऱ्याच्या बाजूला, उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकताना. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, समोर थोडाच रस्ता मोकळा, तिथे टर्बो इंजिनाचा उपयोग कळतो. त्याहून मोठं इंजिन म्हणजे डिपॉझिट जास्त, टायर महाग, आणि गोव्याच्या वाड्यांतल्या गल्ल्यांतून जाताना घाम जास्त.

बुकिंग करताना ‘अमुक मॉडेल किंवा तत्सम’ असं लिहिलेलं असेल तर ‘तत्सम’ काय ते विचारून घ्या. गाडी दारात आल्यावर विचारलंत तर उत्तर दारातच उभं असतं.

ताब्यात घेताना घाई

गाडी संध्याकाळी उशिरा, तळघरातल्या पार्किंगमध्ये मिळते. पोरगा किल्ली पुढे करतो, ‘सर इथे सही.’ इथे वीस मिनिटं घालवा. गाडी उजेडात आणायला सांगा. मोबाइलवर सलग एक व्हिडिओ काढा: चारही बाजू, चारही चाकांच्या रिमा जवळून, मग फोन जमिनीलगत धरून पुढच्या बंपरची खालची कड. स्पोर्टी गाडीत सगळ्यात आधी तीच खरचटते आणि कुणीच तिच्याकडे बघत नाही. शेवटी किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा.

टायरच्या बाजूवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला टायर. पाच-सहा वर्षं जुना निघाला तर नक्षी कितीही खोल दिसो, दुसरी गाडी मागा.

मग डिकी. जॅक, पाना, स्टेपनी आहे का? काही गाड्यांत स्टेपनी बारीक असते, तिच्यावर ताशी 80च्या वर जायचं नसतं; काहींत स्टेपनीच नसते, नुसता पंप आणि चीक भरलेली बाटली. आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू: अ‍ॅलॉय चाक चोरीला जाऊ नये म्हणून एका नटाला कुलूप असतं, त्याची छोटी चावी. ती नसेल तर पाना असूनही चाक निघत नाही. मी एकदा ती चावी मागितली तर पोरानं मलाच विचारलं, ‘ती काय असते?’ अर्धा तास शोधल्यावर ग्लव्ह बॉक्समध्ये, जुन्या टोलच्या पावत्यांखाली सापडली.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का तेही तिथेच बघा. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे एकामागून एक नाके आहेत, आणि पहिल्याच नाक्यावर टॅग बंद निघाला तर जादा भरणा तुमचा.

किलोमीटरचं गणित सोपं आहे, तरी लोक चुकतात. पुण्याहून आंबोलीमार्गे पणजी एका बाजूने साधारण साडेचारशे. जाऊन-येऊन नऊशे. रोजचे 300 किलोमीटर मोफत असलेलं तीन दिवसांचं पॅकेज तिथेच संपलं. पाळोळे, मंगेशी, रात्रीचं जेवण हे सगळं वरच्या दराने.

घाटातल्या सवयी

आंबोली ते सावंतवाडी साधारण तीस किलोमीटर. पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्याजवळ जी रांग लागते, तिथे ड्युअल क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्यांचे हाल होतात. या गिअरबॉक्समध्ये आत दोन क्लच असतात, गाडी ते स्वतःच दाबते-सोडते. चढावर पुढची गाडी हातभर सरकली की आपणही हातभर सरकायचं, आणि मध्ये ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी धरून ठेवायची, ही आपली सवय. म्हणजे सतत हाफ क्लच, क्लच अर्धवट लागलेला. दहा मिनिटांत क्लच तापतो. माझ्या समोर पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तेव्हा मला वाटलं गाडीच खराब दिली.

उपाय साधा आहे. पुढे गाडीभर जागा मोकळी होईपर्यंत हलायचंच नाही. ब्रेक पूर्ण दाबून उभं राहायचं, जागा झाली की एकदाच सरळ पुढे जायचं. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. सूचना आलीच तर सुरक्षित कडेला घेऊन गिअर पी (पार्क) मध्ये, इंजिन चालूच, आणि चहाला लागेल तेवढा वेळ थांबायचं.

उतारावर उलटी चूक. गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून सगळा घाट ब्रेकवर उतरवला की खाली दाणोलीपर्यंत जळका वास येतो. मॅन्युअलवर टाकून दुसरा गिअर धरा. स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल या कामासाठी आहेत, नुसते इंस्टाग्रामसाठी नाहीत. वास आलाच तर थांबा, पण तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका. डिस्क वाकडी होऊ शकते, आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं.

धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणारे आंबोलीत दर शे-दीडशे मीटरवर भेटतात. मागच्याला कळत नाही की ही गाडी थांबली आहे की चालली आहे, आणि वळणार कुठे. लो बीम आणि फॉग लाइट पुरे.

खड्डा, पाणी आणि लाल दिवा

स्पोर्टी गाडीचे टायर रुंद आणि बाजूने बुटके. खड्ड्यात आपटले की मधला रबर कमी, म्हणून धक्का थेट रिमेला. नंतर टायरच्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ आलेलं दिसतं. ते टेंगूळ म्हणजे आतले दोरे तुटलेत. पंक्चरवाला ‘चालेल साहेब’ म्हणेल. चालवू नका, स्टेपनी चढवा. आणि हे विसरू नका की 17-18 इंची बुटका टायर लांजा-राजापुरात लगेच मिळेलच असं नाही. बहुतेक करारांत टायर, रिमा आणि गाडीचा तळ हे ‘नुकसान माफी’च्या (गाडीच्या नुकसानाचे पैसे माफ करणाऱ्या कलमाच्या) बाहेर असतात. तेवढं एक कलम तरी वाचाच.

पाणी साचलेल्या रस्त्यावर अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर माघारी फिरा. मध्येच गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करायची नाही, एकदाही नाही. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि बिल लाखात जातं. ढकलून बाहेर काढा.

दिव्यांचं ढोबळ गणित: पिवळा म्हणजे बघून घ्या, लाल म्हणजे थांबा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या पंपापर्यंत’ असं म्हणायचं नाही. आधी कंपनीला फोन, मग दिव्याचा फोटो काढून मेसेज. फोनवर ‘चालवा, काही होत नाही’ म्हणणारा माणूस हिशेबाच्या वेळी तिथे नसतो, मेसेज असतो. घाटात रेंज जाते, म्हणून मदतीचा नंबर आधीच उतरवून ठेवा. आणि किल्लीतली बॅटरी संपून गाडी ‘किल्ली सापडत नाही’ म्हणाली तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून तेच बटण दाबलं की चालू होते.

फेरीबोटीवर, म्हणजे आमच्याकडच्या लोकांच्या जंगलजेटीवर, खाली बसकी गाडी घालायची तर शक्यतो भरतीची वेळ बघा. बरोबरच्यांना उतरवा, गाडी बोटभर उचलली जाते. खलाशांना आधी सांगा. दुसऱ्या खेपेला जयगडला मी सांगितलं तर दोघांनी चाकांखाली लाकडाच्या फळ्या टाकून गाडी अलगद आत घेतली. गावातले उंच गतिरोधक तिरके घ्यायचे, एका वेळी एक चाक.

परतताना

गोव्यातून बाटल्या आणायचा मोह होतो. बांद्यानंतर इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते. परवान्याशिवाय माल सापडला तर गाडीही जप्त होऊ शकते, आणि भाड्याच्या गाडीचं मीटर जप्तीतही चालूच.

परत देताना पुन्हा तोच व्हिडिओ, त्याच क्रमाने. गाडी धुवून द्या, कारण चिखलाखाली काय आहे यावर नंतर वाद होतात. वेगाच्या कॅमेऱ्याचं चलन आठवड्यांनी येतं, म्हणून डिपॉझिट कधी परत मिळणार त्याची तारीख लेखी मागा.

त्या तवसाळच्या बंपरचे पैसे मी भरले, चूक माझीच होती. पण त्याच बिलात मागच्या डाव्या रिमेचा ओरखडाही लावला होता. पुण्यातल्या पार्किंगमधल्या व्हिडिओत, तिसऱ्या मिनिटाला, तो ओरखडा स्वच्छ दिसत होता. पाठवला. चार दिवसांनी तेवढे पैसे खात्यात परत आले.