जर्मनीत शिकायला येणाऱ्यांनी पहिले घर कसे लावावे

जर्मनीतील विद्यापीठात प्रवेश मिळाला की बहुतेक विद्यार्थ्यांचे सारे लक्ष व्हिसा आणि विमानाच्या तिकिटाकडे लागते, आणि घराचा प्रश्न ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून मागे पडतो. माझ्या अनुभवाने हा क्रम उलटा हवा. निवासपरवाना असो, करक्रमांक असो की बँकेचे खाते, तिथली बहुतेक कामे तुमच्या नोंदवलेल्या पत्त्यापाशी येऊन अडतात.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०१५ पासून त्यासाठी घर देणाऱ्याने लेखी दिलेला दाखलाही लागतो. म्हणून खोलीविषयी विचारपूस करताना भाड्याच्याही आधी ‘या पत्त्यावर नोंदणी करता येईल का’ हे विचारून घ्यावे. नोंदणीला नकार असलेली खोली कितीही स्वस्त असली तरी दीर्घ मुक्कामासाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ लवकर मिळत नाही, तेव्हा राहण्याचे ठिकाण पक्के झाले की निघण्यापूर्वीच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवणे हिताचे ठरते.

नोंदणीच्या जोडीला पत्रपेटीकडेही लक्ष द्यावे. तिथल्या अनेक इमारतींत सदनिकांना क्रमांक नसतात; टपाल येते ते पेटीवरच्या आणि घंटीवरच्या नावावर. करक्रमांकाचे पत्र, आरोग्यविम्याचे कार्ड, बँकेचे कागद हे सारे टपालानेच येते आणि पेटीवर नाव सापडले नाही तर परत जाते. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, त्यामुळे कोणत्या पत्रावर काय छापून येईल याचा नेम नसतो. आडनाव मात्र प्रत्येक पत्रावर असते, म्हणून घरमालकाला विचारून ते तरी ठळक अक्षरांत पेटीवर आणि घंटीवर पहिल्याच दिवशी लावून घ्यावे.

आता पैशांचे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, भरायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, पण ती हातात येते महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने. घराची अनामत रक्कम मात्र सुरुवातीलाच द्यायची असते, आणि ती मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. कायद्याने ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याची मुभा आहे. अनेकांना हे ठाऊक नसते आणि घरमालकही आपणहून सांगतोच असे नाही. तरीही पहिल्या महिन्यासाठी वेगळी रक्कम जवळ असलेली बरी. जाहिरातीतले ‘काल्टमीटे’ हे नुसते जागेचे भाडे असते. ‘वार्ममीटे’मध्ये हीटिंग, पाणी, कचरा यांचा खर्च धरलेला असतो, पण वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळेच. शिवाय रेडिओ-दूरदर्शनचे शुल्क प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो पडते, ते सहनिवासात, म्हणजे ‘वेगे’त, सर्वांनी मिळून भरायचे असते. खोली किंवा करार न पाहता, निव्वळ ‘चावी कुरिअरने पाठवतो’ या आश्वासनावर कोणालाही पैसे पाठवू नयेत.

सर्वांत जास्त जपावे लागते ते ओलीला. आपल्या स्वयंपाकात कुकरच्या वाफा, उकळती आमटी आणि फोडणी रोजचीच, त्यात हिवाळ्यात कपडेही खोलीतच वाळतात. ही सगळी वाफ थंड भिंतीवर आणि खिडकीच्या कडेला जाऊन बसते आणि काही आठवड्यांत कपाटामागे काळी बुरशी धरते. त्यावर तिथली रीत साधी आहे. हीटर बंद करावा, खिडकी पाच-दहा मिनिटे सताड उघडावी, मग लावून घेऊन हीटर पुन्हा सुरू करावा, आणि हे दिवसातून दोन-तीनदा करावे. खिडकी दिवसभर नुसती वरून कलती ठेवली तर हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते आणि बुरशीला आयतेच निमित्त मिळते. बाहेर शून्याखाली तापमान असताना खिडकी उघडणे जिवावर येते, पण बुरशीचा खर्च अनामतीतून कापला जाण्याचे प्रसंग नेहमीचे आहेत. याच कारणासाठी खोली ताब्यात घेताना भिंतींची, खिडक्यांची आणि जमिनीवरच्या ओरखड्यांची छायाचित्रे काढून ती हस्तांतरणाच्या लेखी नोंदीला जोडावीत, आणि त्या नोंदीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.

शेजारधर्माचे नियमही लवकर अंगवळणी पाडावेत. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळायची असते, त्यामुळे मिक्सरवरचे वाटण शनिवारीच उरकावे. किराणाही त्याच दिवशी भरावा, कारण रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. भाजीची देठे, कागद, वेष्टने आणि उरलेला कचरा यांचे डबे निरनिराळे असतात आणि त्यांचे रंग शहरागणिक बदलतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात घरातल्या जुन्या रहिवाशाला सोबत घेऊन अंगणातले डबे नीट पाहून घ्यावेत.