आपत्तीतून वाचलेल्या मुलांचे पोट दुखते तेव्हा : या चुका टाळा

पूर, भूकंप किंवा वादळातून वाचलेले मूल काही आठवड्यांनी पोटदुखी, डोकेदुखी किंवा धडधडीची तक्रार करू लागते आणि तपासणीत काहीच सापडत नाही, तेव्हा 'शाळा बुडवायची म्हणून नाटक करतोय' असा शेरा मारून मोठी माणसे मोकळी होतात. सर्वांत घातक चूक हीच आहे. धोका टळल्यावरही मेंदूची सावधगिरी ओसरत नाही, स्नायू ताठलेले राहतात, झोप आणि पचन बिघडते. त्यामुळे दुखणे खरेच असते. लहान मुलाला भीती सांगता येत नाही, पोट दुखते एवढेच सांगता येते.

याउलट सगळे 'मनाचे' समजून तपासणीच टाळणे हेही धोक्याचे, कारण आपत्तीनंतर दूषित पाण्यातून होणारे संसर्ग आणि डोक्याला लागलेला, लक्षात न आलेला मार या शक्यता खऱ्या असतात. ताप, घटणारे वजन, सतत उलट्या किंवा झोपेतून जागे करणारी वेदना असल्यास बालरोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. मात्र एकदा नीट तपासणी होऊन काही न आढळल्यावर त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या, तर आपल्याला काहीतरी गंभीर झाले आहे ही मुलाची समजूत पक्की होते.

घडलेले सारे मुलाकडून आग्रहाने वदवून घेऊ नये. झोप लागत नाही म्हणून घरातल्या मोठ्यांची झोपेची गोळी तर कधीच देऊ नये. आघातानंतरच्या (मनाला बसलेल्या जबर धक्क्यानंतरच्या) पहिल्या महिन्यात मुलांना बेन्झोडायझेपिन गटातील, म्हणजे चिंता कमी करणारी व झोप आणणारी, औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितले आहे. पुन्हा अंथरूण ओले करू लागलेल्या मुलाला शिक्षा करणे हा तर अन्यायच होय.

किशोरवयीन मुले आईवडिलांना आणखी त्रास नको म्हणून गप्प राहतात, त्यामुळे केवळ पालकांना विचारून निष्कर्ष काढू नये. मुलाशी स्वतंत्रपणे बोलावे.

बहुतेक मुले हळूहळू सावरतात. परंतु दुःस्वप्ने, दचकणे, आठवणी टाळणे आणि शारीरिक तक्रारी महिनाभरानंतरही टिकल्या, तर 'काळच औषध' म्हणत थांबू नये. आघातकेंद्रित संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे त्या धक्क्याशी जोडलेले विचार आणि वागणे बदलायला संवादातून शिकवणारा मानसोपचार, मुलांसाठी उपयुक्त ठरला आहे. मुलांच्या मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांकडे जाताना वेदना केव्हा उठते, म्हणजे पावसाच्या आवाजाने, अंधारात की आई दृष्टीआड झाल्यावर, याची आठवडाभराची नोंद सोबत न्यावी.