चारच्या मरगळीला कडक भाकरी

दुपारी चारच्या सुमाराला अंग जड होतं, कामात लक्ष लागत नाही. मग चहा-बिस्किटांवर वेळ मारून न्यायची आणि सहा वाजता पुन्हा पोटात कावळे. सोलापूरकरांनो, यावरचा उपाय आपल्याच घरात आहे.

१. ज्वारीच्या भाकऱ्या नेहमीपेक्षा पातळ थापा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर उत्तमच. भाजून झाल्यावर मंद आचेवर फडक्याने दाबत, फिरवत राहा. घाई करू नका, कडा आधी कडक होतात आणि मधला भाग ओला राहतो. मोडताना सगळीकडून कटकन आवाज आला की झाली. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, आठवडाभर चिंता नाही. वेळ नसेल तर बाजारातून तयार आणा.

२. कामाला निघताना एक भाकरी तुकडे करून घ्या. छोट्या डबीत चमचाभर शेंगाचटणी, दुसरीत घट्ट दही.

३. चारला चटणीत दही कालवा आणि भाकरीबरोबर सावकाश चावून खा. वर पाणी प्या. रात्रीच्या जेवणापर्यंत निभावतं.

ज्यांना चावायला त्रास होतो त्यांनी भाकरी ताकात कुस्करून भिजू द्यावी, माझ्या मते चवीला हेच जास्त छान लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात दही दुपारपर्यंत आंबट होतं, तेव्हा त्याऐवजी कच्चा कांदा आणि काकडी न्या.

चटणीला खवट वास आला तर मात्र ती टाकून द्या. एका वेळी थोडीच आणा, काचेच्या बरणीत ठेवा आणि ओला चमचा घालू नका.