लोन अ‍ॅपवाले छळून राहिले? फोन फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

नागपुरात बर्डीवर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, आजकाल फुटलेल्या स्क्रीनसोबत लोन अ‍ॅपची भानगड घेऊन पण लोक येतात. आल्याबरोबर एकच मागणी, दादा फोन फॉरमॅट मारून द्या.

नका मारू राजेहो! तुम्ही 'अलाऊ' दाबलं तेव्हाच कॉन्टॅक्ट, फोटो तिकडं सर्वरवर गेले, आता फोन पुसून तिकडचं काय पुसणार? पुसतात ते धमकीचे मेसेज, एजंटचे नंबर, यूपीआय आयडी, म्हणजे पोलिसांना जे दाखवायचं नेमकं तेच.

मानेवाड्याचा एक पोरगा, डिलिव्हरीचं काम करते. 5000 चं लोन घेतलं, खात्यात आले 3100, बाकी म्हणे प्रोसेसिंग फी. मुदत 7 दिवसांची आणि पाचव्याच दिवशी मामाला, जुन्या मालकाला फोन सुरू, वरून त्याचा घाणेरडा एडिट केलेला फोटो. घाबरून यानं एजंटनं पाठवलेल्या क्यूआरवर पैसे भरले. मग दुसऱ्या एजंटचा फोन, तुझं पेमेंट दिसतच नाही, परत भर. यानं परत भरले, बापा! मग कुठूनतरी फोन फॉरमॅट मारून घेतला आणि माझ्याकडं आला चॅट परत आणून द्या म्हणून. बॅकअप चालूच नव्हता. हातात उरलं फक्त बँक स्टेटमेंट, त्यात पाहिलं तर पैसे कोणत्या तरी ट्रेडर्सच्या खात्यातून आलेले.

तिथंच ओळखायला पाहिजे होतं. आरबीआयचा नियम आहे की पैसे बँक किंवा एनबीएफसीच्या (म्हणजे लोन देणाऱ्या बिगर-बँक कंपनीच्या) खात्यातून सरळ तुमच्या खात्यात येतील आणि हप्तेही त्यांच्याच खात्यात जातील, मधल्या अ‍ॅपवाल्याच्या खात्यात नाही. एजंटच्या पर्सनल क्यूआरवर एक रुपया टाकू नका, तो कितीही शिव्या देवो.

माझी पद्धत अशी, आधी नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, मग चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या मेलवर, मग सेटिंगमध्ये जाऊन परमिशन बंद, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅप डिलीट. ब्लॅकमेल असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, उद्यावर टाकू नका.

बाकी चुका पटापट सांगतो. लोन अ‍ॅपला कॉन्टॅक्ट, गॅलरी, कॉल लॉग पाहायचा अधिकारच नाही, केवायसीपुरता कॅमेरा आणि लोकेशन, तेही तुम्हाला विचारून. जास्त मागितलं की तिथंच बंद करा. केएफएस, म्हणजे लोनच्या अटी आणि खर्चाचा कागद, न वाचता 'अ‍ॅग्री' दाबू नका, वर्षाचा खरा खर्च म्हणजे एपीआर त्यात लिहिला असते. पण पाच मिनिटात लोन पाहिजे असणाऱ्याला दोन पानं वाचायचाही दम नसते, त्याला काय सांगावं. लोन घेऊन पस्तावले तर किमान 1 दिवसाचा कूलिंग ऑफ मिळते, मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचं व्याज देऊन दंड न भरता मोकळे व्हा, प्रोसेसिंग फी मात्र ते ठेवू शकतात.

'पैसे द्या, तक्रार टाकून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी तर लागूच नका, आरबीआयच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार फुकट होते. फक्त आधी कंपनीला लेखी कळवा, 30 दिवस थांबा, आणि कंपनी आरबीआयच्या नियमाखालची पाहिजे. तशी नसेल तर बेकायदा कंपन्यांची तक्रार घेणारं सचेत पोर्टल आणि पोलीस.

लोन फिटलं की एनओसी, म्हणजे बाकी काही नाही असं पत्र, मागा आणि सिबिल रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची नोंद, काढा, वर्षातून एकदा फुकट मिळते. त्यात लोन 'क्लोज्ड' दाखवत नसेल तर सिबिलकडं किंवा लोन कंपनीकडं तक्रार टाका, 30 दिवसात निकाली नाही निघाली तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाई त्यांना द्यावी लागते.