बीम स्विचिंगचा डिले कमी करायचाय? मग आधी या चुका टाळा

मागच्या महिन्यात नांदेडची चार पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली. फायनल इयरचा प्रोजेक्ट, विषय 5जी मिलिमीटर वेव्हमधे (फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर) बीम, म्हणजे एका दिशेनं सोडलेला सिग्नलचा झोत, बदलायला लागणारा वेळ कमी करणं, आणि सिम्युलेशनमधे दर थोड्या वेळानं लिंक तुटायली म्हणून वैतागलेली. एकजण आल्या आल्या म्हणला, "सर, बीम बदलायला लईच टाईम लागायलाय, अँटेना फास्ट घ्यावा लागंल." म्हणलं आधी चहा घ्या, मग लॉग उघडा.

अँटेनाला दोष देणं ही पहिली चूक, आणि ती जवळपास सगळेच करतात. फेज शिफ्टरची (अँटेनातला झोताची दिशा ठरवणारा भाग) सेटिंग बदलून दिशा फिरवायला मायक्रोसेकंदातलं काम आहे. मिलिसेकंद जातात ते कोणता बीम चांगलाय हे शोधण्यात आणि मग ते फोनला सांगण्यात. आधी शोधण्याचं बघू.

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. तिथं सोबतचा माणूस चुकला तर आपण काय पहिल्या रस्त्यापासून सोळाही पालथे घालतो का? शेवटी जिथं दिसला होता तिथनं आजूबाजूच्या दोन गल्ल्यात बघतो. पोरांचा कोड मात्र दर वेळी सगळी गोलाई फिरत होता. मिलिमीटर वेव्हमधे 64 पर्यंत एसएसबी बीम (टॉवर ठराविक वेळानं सोडतो ते ओळखीचे सिग्नल) असतात, ते सगळे 5 मिलिसेकंदात जातात, पण हा हप्ता परत कधी येणार ते सेटिंगवर असतं, 5 पासून 160 मिलिसेकंदापर्यंत. यांनी पॉवर वाचते म्हणून 160 ठेवलेलं, वर फोनला स्वतःचे 8 रिसीव्ह बीम दिलेले, एका हप्त्यात एकच तपासायचा. 8 गुणिले 160 म्हणजे 1280 मिलिसेकंद! 40 च्या स्पीडनं चाललेली मोटरसायकल तेवढ्यात 14 मीटर पुढं गेलेली असते. तेच 20 वर आणलं की 160 मिलिसेकंद होतात, आणि त्याहून बरं म्हणजे एसएसबी रुंद बीमवर ठेवायचा आणि चालू बीमच्या शेजारचे तीन-चार अरुंद बीम सीएसआय-आरएस (फक्त मापासाठी सोडायचा सिग्नल) लावून गरज पडली की तपासायचे, सगळी गोलाई फिरायची पाळी कधीतरीच यावी.

सांगण्यातली चूक म्हणजे प्रत्येक बदल आरआरसी मेसेजनं (नेटवर्क फोनला सेटिंग कळवतं तो मोठा, सावकाश मेसेज) करणं. त्यात फोनला मेसेज प्रोसेस करायलाच 10 मिलिसेकंदापर्यंत मुभा असते. आरआरसीनं फक्त यादी द्यायची, 128 पर्यंत टीसीआय स्टेट (कोणत्या बीमवर ऐकायचं त्याच्या नोंदी) बसतात त्यात. मॅक-सीईनं (त्याहून छोटा, झटपट हुकूम) त्यातल्या 8 पर्यंत चालू करायच्या, ते फोनच्या अ‍ॅकनंतर, म्हणजे हुकूम मिळाल्याच्या पोचेनंतर, 3 मिलिसेकंदांनी लागू होतं, आणि रोजचा बदल डीसीआयच्या, म्हणजे डेटा कुठं येतोय ते सांगणाऱ्या छोट्या सूचनेच्या, तीन बिटांनी. या आठ जागात पोरांनी सगळ्या सेलभर विखुरलेले बीम भरलेले, अरे बाबांनो शेजारी भरा ना. आणि त्या बीमचं माप ताजं ठेवा, मापाला 1280 मिलिसेकंदापेक्षा जास्त झाले की फोनच्या लेखी ती स्टेट अनोळखी, मग तो परत मोजणार.

आता खरी गंमत, जी शोधायला आम्हाला दोन तास लागले. लॉगमधे डीसीआय स्लॉट 41 ला, डेटा स्लॉट 42 ला, पुढं नॅक, म्हणजे डेटा वाचता आला नाही असा फोनचा निरोप. परत बीम बदलला की परत नॅक. पोरं म्हणाली चॅनल खराब आहे. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) तर झकास दिसत होता! मग फोनची कॅपॅबिलिटी उघडली, क्यूसीएलसाठी, म्हणजे नव्या बीमवर वळायला, लागणारा वेळ 28 सिम्बॉल (सिम्बॉल म्हणजे सिग्नलचा वेळेतला छोटा तुकडा). 120 किलोहर्ट्झच्या सबकॅरिअर अंतराला 14 सिम्बॉलचा एक स्लॉट, 0.125 मिलिसेकंदाचा, म्हणजे डीसीआय वाचून बीम फिरवायला याला दोन स्लॉट पाहिजेत आणि डेटा आला एकाच स्लॉटनं. अशा वेळी फोन नवा बीम धरतच नाही, कंट्रोल चॅनलच्या नेहमीच्या बीमवर कान लावून बसतो. डेटा दुसऱ्या दिशेनं निघून गेला. के-झिरो (डीसीआय आणि डेटामधलं स्लॉटचं अंतर) 3 केला, नॅक गायब. पण हे सगळीकडं लावू नका, डेटा कंट्रोल चॅनलच्याच बीमवर जाणार असेल तेव्हा त्याच स्लॉटमधे डेटा टाकला तरी चालतो, उगाच प्रत्येक पॅकेटला उशीर कशाला.

दोन बीममधे सारखी उडी मारणं हेही बघा. फोनच्या रिपोर्टमधे सगळ्यात तगड्या बीमचा एल1-आरएसआरपी 1 डीबीच्या पायरीनं येतो, बाकीचे त्याच्याशी तुलना करून 2 डीबीच्या पायरीनं. आणि यांनी हिस्टेरेसिस (नवा बीम किती सरस असला की बदलायचं तो फरक) ठेवलेली 1 डीबी. मापायची काठीच दोनची, तिथं एकच्या फरकावर कोण निर्णय घेतं! 3 ठेवा, मग लागलं तर कमी करत या.

बीम फेल्युअरचा काउंटर (बीम बिघडल्याची खूण किती वेळा आली की रिकव्हरी, म्हणजे नवा बीम शोधणं, सुरू करायचं तो आकडा) 1 ठेवला तर कुणी हात मधे आणला तरी रिकव्हरी सुरू होते, 10 ठेवला तर लिंक मेल्यावर जाग येते. मी 3-4 नं सुरुवात करतो.

आणि हो, आपल्याकडं 5जी ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं, पण आपल्या खिशातला फोन बहुतेक 3.3 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, तिथं एसएसबी बीम जास्तीत जास्त 8. त्यामुळं घरच्या फोनवर मोजून 64 बीमच्या प्रोजेक्टचे आकडे ताडू नका, एका पोरानं तेही केलेलं होतं.

पोरांचं सिम्युलेशन आता नीट चालायलंय. प्रोजेक्टच्या नावात मात्र अजून 'फास्ट अँटेना' तसंच आहे, सिनॉप्सिसवर सही झालीय म्हणे, आता बदलता येत नाही.